शंभर दगडांच्या भोईर मॅडम

भोईर मॅडम दगड चाटायच्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितलं तरी बदलापूरच्या कात्रपमधलं कोणीही तुम्हाला पहिल्यांदा हेच सांगेल. नव्या इमारतीच्या कामासाठी रस्त्याकडेला खडीचा ढीग पडलेला दिसला की मॅडम थांबायच्या, खांद्यावरची पर्स मागे सारायच्या, एक खडा उचलून पदराने पुसायच्या आणि जिभेचं टोक लावून उन्हात धरायच्या. ओला दगड जास्त बोलतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका वॉचमनने "माताजी, भूख लगी है क्या?" असं विचारून बिस्किटाचा पुडा त्यांच्यापुढे धरला. मॅडमनी दोन बिस्किटं घेतली, त्याला खड्यातले चमकणारे कण दाखवले आणि मगच पुढे गेल्या.

कुंदा भोईर हे त्यांचं नाव. उल्हासनगरच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं भूगोल शिकवला. पण त्यांचा खरा जीव होता हिमालयातल्या जुन्या हिमनद्यांमध्ये. म्हणजे आता ज्या तिथे नाहीत, हजारो वर्षांपूर्वी होत्या, त्या. एप्रिलमध्ये बदलापुरात गॅलरीच्या रेलिंगला हात लावला तर चटका बसतो. त्या गॅलरीत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ही बाई बर्फ कुठपर्यंत आला होता याचे नकाशे काढत बसलेली असायची. मला सुरुवातीला ती चक्क थट्टा वाटली होती.

मी उल्हासनगर कॅम्प पाचचा. वडील जीन्सच्या कारखान्यांतली शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. कॉलेजात मी भूगोल घेतला तो दुसऱ्या कशाला नंबर लागला नाही म्हणून. पहिल्याच तासाला मॅडमनी माझ्या हातात मुठीएवढा दगड ठेवला आणि विचारलं, "काय दिसतंय, मोरे?"

"काळा दगड आहे, मॅडम."

"बरं. आणखी?"

"आणखी काय, दगडच आहे." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"दहा मिनिटं बघ त्याच्याकडे. मला नको विचारू, दगडाला विचार."

मला राग आला होता. मुद्दाम बघत बसलो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला लक्षात आलं की त्याची एक बाजू कानसीने घासल्यासारखी सपाट आहे आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा आहेत. मी म्हटलं, "मॅडम, हा कोणीतरी घासलाय." त्यांनी विचारलं, कोणी? मी म्हटलं, माहीत नाही. "शाब्बास," त्या म्हणाल्या, "माहीत नाही, हे या वर्गातलं आजचं पहिलं बरोबर उत्तर." तो दगड हिमाचलमधल्या लाहौलचा होता आणि त्याला बर्फाने घासलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागलो तो लागलोच.

त्यांचं शास्त्र त्या एका उदाहरणावरून सांगायच्या. उल्हास नदीचा पूर येऊन गेला की बदलापुरात तळमजल्यांच्या भिंतींवर गाळाची रेघ राहते ना? पाणी निघून जातं, माणसं विसरतात, पण रेघ सांगते की पाणी इथपर्यंत होतं. हिमनदीचंही तसंच. ती डोंगरावरून हळूहळू सरकत येते, येताना दगडगोटे ओढत आणते आणि जिथे थांबते तिथे त्यांचा ढीग टाकते. बर्फ वितळून मागे हटला तरी तो ढीग राहतो. पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात, मॅडम त्याला बांध म्हणायच्या. सगळ्यात खालचा बांध सापडला की बर्फ कुठपर्यंत उतरला होता ते कळतं. त्यावरून बारमाही बर्फाची रेषा आजच्यापेक्षा किती खाली होती ते काढायचं, आणि त्यावरून त्या काळी थंडी किती होती त्याचा अंदाज बांधायचा. "अंदाज," मॅडम बजावायच्या. "थंडी जास्त होती की बर्फच जास्त पडत होता, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नकोस."

आणि शंभर दगडांचा नियम. दगडांचा कुठलाही ढीग दिसला की त्याला बांध म्हणायची परवानगी नव्हती. आधी डोळे मिटायचे, हात घालायचा, जो दगड हाताला लागेल तो काढायचा. आवडलेला निवडायचा नाही. असे शंभर. प्रत्येकाचे कोपरे कसे आहेत, रेघा आहेत का, जात कुठली, सगळं तिथल्या तिथे पेनाने वहीत. खाडाखोड चालायची नाही, पान फाडणं तर पापच. पाऊस येऊ दे, बस सुटू दे, शंभर म्हणजे शंभर. एकदा मी ब्याऐंशीवर कंटाळून "मॅडम, आता काय बदलणार आहे?" असं म्हणालो. "उरलेल्या अठरांना विचारलंस?" त्या म्हणाल्या. बोटं गारठलेली असताना असं कोणी ऐकवलं की काय वाटतं ते मलाच माहीत.

मॅडम मूळच्या अंबरनाथजवळच्या गावातल्या. आगरी घर, भाताची शेती, त्याही आधी मिठागरं. शेती पुढे गेली, गावाला चाळी आणि इमारतींनी वेढलं, आणि मॅडम म्हाताऱ्या आईला घेऊन कात्रपच्या फ्लॅटमध्ये आल्या. लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरात सोफ्याखाली दगड, पलंगाखाली दगड, देव्हाऱ्याशेजारी चिठ्ठ्या लावलेले दगड. आई वैतागायची. "बाय, आता पहाड सगला घरान आनतंस का?" म्हणायची, आणि त्यातलाच एक चांगला जड दगड बघून लोणच्याच्या बरणीवर ठेवायची. मॅडम तो शोधत फिरायच्या.

वडिलांची एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. लहानपणी शाळेला उशीर झाला म्हणून त्या शेजाऱ्याच्या उभ्या भातातून आडव्या गेल्या. वडिलांनी पाहिलं. मारलं नाही, पण हाताला धरून परत नेलं, वाकलेलं एकेक रोप सरळ करायला लावलं आणि शेजाऱ्याच्या पाया पडायला लावलं. "दुसऱ्याच्या उभ्या पिकान पाय नाय टाकाचा. मेलं तरी नाय," हे त्यांचं वाक्य. मॅडम ते सांगताना आपोआप गावच्या बोलीत जायच्या आणि मग परत प्रमाण मराठीत येऊन आमच्या वह्या तपासायच्या. मला ती गोष्ट पाठ होती. ती पुढे माझ्याच आयुष्यात येऊन बसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

एम.ए. झाल्यावर मी आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो. पहिली पाळी कंपनीची, दुपारनंतर मॅडमकडे पीएच.डी.चं काम. सहा वर्षं असं चाललं. विषय त्यांनीच दिलेला. लाहौलच्या एका दरीत मॅडमनी तरुणपणी एक बांध शोधला होता, इतका खाली की तोपर्यंत तिथे बर्फ आला होता यावर कोणाचा विश्वास बसेना. परिषदेत त्यांनी तो मांडला आणि त्यांचं नाव झालं. भूगोलवाल्यांमध्ये त्याला भोईरांचा बांध असंच म्हणायचे. माझा सगळा प्रबंध त्या बांधावर उभा होता. त्याच्यापासून वर वर मोजत जायचं आणि त्या काळाची थंडी काढायची. जानेवारीत प्रबंध द्यायचा होता. फेब्रुवारीत एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती. ती जागा मिळाली की स्टोअरच्या चाव्या परत करायच्या, हे मी घरी सांगूनही टाकलं होतं.

सप्टेंबरमध्ये शेवटची फेरी म्हणून मी एकटाच लाहौलला गेलो. मॅडमच्या गुडघ्यांनी तेव्हा संप पुकारला होता. भोईरांच्या बांधाची एक बाजू नदीकडे आहे, दुसरी वरच्या कड्याकडे, आणि त्या दुसऱ्या बाजूला लागून वाटाण्याचं शेत. आम्ही नेहमी जूनमध्ये जायचो, तेव्हा शेत उभं असायचं, म्हणून नदीच्या बाजूनेच मोजायचो. या वेळी वाटाणा काढून झाला होता. मोकळं रान दिसलं, सहज पलीकडे गेलो आणि सवयीने डोळे मिटून हात घातला.

पहिले दहा दगड सारखे निघाले. करवतीसारखे कोपरे, एकावरही रेघ नाही. तीस झाले, तसेच. साठाव्या दगडापाशी मी वर कड्याकडे बघितलं. त्याच जातीचा खडक, त्याच रंगाचा, आणि मधोमध मोठा तुकडा निखळल्यासारखी खोबण. शंभर पुरे केले. शंभरच्या शंभर त्याच कड्याचे. हा बांध बर्फाने आणलेलाच नव्हता. कडा कोसळला होता आणि त्याचा ढिगारा नदीपर्यंत आला होता. नदीने दरीच्या वरच्या भागातले घासलेले दगडगोटे वाहून आणून त्याच्या एका अंगाला थापले होते, आणि आम्ही तीस वर्षं तेवढंच अंग मोजत होतो.

परत आलो आणि गप्प बसलो. पंधरा दिवस मॅडमकडे गेलो नाही. कंपनीत काम आहे, ताप आहे, काय वाटेल ते सांगितलं. शेवटी त्यांचाच फोन आला, "वही घेऊन ये." वहीत सगळं होतं, पेनाने लिहिलेलं. पान फाडायचा विचार वाटेत मनात आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांनी ते पान वाचलं. मग मागचं वाचलं. मग परत तेच. आत आई टीव्ही बघत होती.

"शेतातून गेलास?"

"वाटाणा काढून झाला होता, मॅडम."

मी आणलेले पाच-सहा दगड त्यांनी कठड्यावर मांडले. एकेकाला जीभ लावली, चष्मा वर करून बघितलं. मग म्हणाल्या, "मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटाणा फुलावर होता. पाय टाकवेना. शंभर दगड एकाच बाजूचे मोजले. म्हणजे मोरे, मी एकच दगड शंभर वेळा मोजला." आणि त्या चक्क हसल्या. "बाबांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते, देव जाणे."

मला हसू येत नव्हतं. मी जे बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, "मॅडम, जानेवारीत प्रबंध जातोय. बाहेरचे परीक्षक काय तिथे जाऊन बघणार आहेत? एकदा डिग्री हातात येऊ दे, मुलाखत होऊ दे, मग आपण दोघं मिळून दुरुस्ती छापू. सहा महिन्यांचा प्रश्न आहे. आणि तुमचाही सत्कार आहे दिवाळीनंतर." सत्काराचं मी मुद्दाम घातलं होतं. त्या वर्षी त्या निवृत्त होत होत्या.

त्यांनी वही मिटली. "तू शंभर मोजलेस ना?"

"हो."

"मग आता तुला माहीत आहे. माहीत नाही म्हणणाऱ्याला मी पास करते. माहीत असून नाही म्हणणाऱ्याचं काय करू, तूच सांग."

मी उठलो. चप्पल घालत होतो तेव्हा मागून म्हणाल्या, "राग मला नाही आला हो. तुझ्या जागी मीही हेच विचारलं असतं. पण पान फाडलं नाहीस. चहा घेऊन जा." मी चहा न घेता गेलो. त्यांना नावं ठेवत, स्वतःच्या नशिबाला नावं ठेवत, स्टेशनपर्यंत चालत गेलो.

सत्काराच्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात स्टेजमागे मोठा बॅनर होता. त्यावर मॅडमचा फोटो आणि बाजूला भोईरांचा बांध, निळ्या आकाशाखाली. शाल झाली, श्रीफळ झालं, तीन-चार जण त्या बांधाबद्दल भरभरून बोलले. मी शेवटच्या रांगेत तोंड पाडून बसलो होतो. मॅडम उठल्या, माइक खाली केला.

"फोटो छान आलाय," त्या म्हणाल्या. "पण फोटोतला हा बांध बर्फाने आणलेला नसावा. वरचा कडा कोसळून झालेला असावा. मी एकाच बाजूने मोजलं आणि तीस वर्षं तेच शिकवलं. पलीकडची बाजू माझे विद्यार्थी मोरे यांनी मोजली. मी स्वतः जाऊन बघेपर्यंत 'असावा' म्हणते, पण माझ्या शंभरांपेक्षा त्यांचे शंभर भारी आहेत. ज्यांना ज्यांना मी चुकीचं शिकवलं त्या सगळ्यांचे पत्ते माझ्याकडे नाहीत, म्हणून इथे सांगून टाकते. मोरे, उभे राहा जरा."

मी उभा राहिलो. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणाला कळेना. मग पुढच्या रांगेतून एकाने वाजवल्या आणि बाकीच्यांनीही वाजवल्या. मॅडम स्वतः वाजवत होत्या, शाल सांभाळत. आयुष्यात मला इतकं अवघडल्यासारखं आणि इतकं अभिमानाचं एकदम कधी वाटलं नाही. घरी येऊन मी रडलो, हेही लिहायला हरकत नाही.

प्रबंध अर्थातच गेला नाही. मुलाखत हुकली. स्टोअरच्या चाव्या माझ्याच कमरेला राहिल्या. वडील महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. कुठल्यातरी मॅडमनी खरं बोलायचं ठरवलं आणि भुर्दंड आपल्याला, असं त्यांचं मत, आणि पोटातून माझंही थोडं तेच होतं.

जूनमध्ये मॅडम म्हणाल्या, "चल. 'असावा' पुसायचंय." गुडघ्यांना पट्टे बांधून, औषधांची पिशवी घेऊन त्या आल्या. दरीत पोहोचलो तर वाटाणा फुलावर. मॅडम शेताच्या कडेला थांबल्या, तशाच जशा तीस वर्षांपूर्वी थांबल्या असतील. मी म्हटलं, "मॅडम, आता तरी." त्यांनी मान हलवली. शेतात एक म्हातारी बाई खुरपत होती. मॅडम तिला हाक मारून म्हणाल्या, "बहनजी, उस तरफ जाना था. आपकी फसल खराब होगी, नहीं तो..."

ती बाई कंबरेवर हात ठेवून उठली. "खराब क्यों होगी? किनारे से रास्ता है ना. हम सब उधर से ही जाते हैं लकड़ी लेने." आणि तिने आम्हाला शेताच्या कडेने गेलेली, गवतात झाकलेली, एका माणसापुरती पायवाट दाखवली. मग म्हणाली, "आपको तो मैं पहचानती हूँ. आप हर साल नदी की तरफ बैठती थीं. मेरी सास बोलती थी, यह औरत इधर क्यों नहीं आती."

मॅडम जिथे होत्या तिथेच खाली दगडावर बसल्या. मला वाटलं गुडघा. पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही. "मोरे," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले, दगडाला विचार, दगडाला विचार. आणि या शेतातल्या बाईला कधी विचारलं नाही." मग उठल्या, त्या वाटेने हळूहळू पलीकडे गेल्या, डोळे मिटले आणि हात घातला. शंभर मोजायला दिवस गेला. शेतातल्या बाईने दुपारी चहा आणून दिला. शंभराव्या दगडानंतर मॅडमनी वहीत लिहिलं, 'कडा कोसळून,' आणि खाली सही केली.

खरा बांध आम्हाला त्याच दरीत बराच वर सापडला, दोन्ही बाजूंनी मोजलेला. म्हणजे आम्ही सांगत होतो तितका बर्फ खाली आलाच नव्हता आणि तितकी थंडीही पडली नव्हती. दोन वर्षं उशिरा माझी डिग्री झाली आणि मग नोकरीही, बदलापूरच्याच एका कॉलेजात. मॅडमनी तो प्रबंध वाचला, पन्नासएक चुका काढल्या आणि पुढच्या पावसाळ्यात चार दिवसांच्या आजारात गेल्या. त्यांच्या आईने मला बरणीवरचा दगड दिला. "तुझ्या बायचा हाय," म्हणाली.

नोकरी लागली तेव्हा मॅडम नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात आमच्या ग्रंथपाल बाई एक जुना अहवाल घेऊन माझ्याकडे आल्या. तीस वर्षांपूर्वीच्या त्या परिषदेचा. "सर, तुमच्या विषयाचं आहे. बघा ना, कोणीतरी पेनाने लिहून ठेवलंय. मागे एक म्हाताऱ्या बाई वाचायला आल्या होत्या, लंगडत, त्यांचंच काम असणार. कोणाकडे तक्रार करायची?"

मी पान उघडलं. भोईरांच्या बांधाचा लेख. चौकशी केल्यावर कळलं की उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याण, जिथे जिथे ही प्रत आहे तिथे तिथे त्या रिक्षाने गेल्या होत्या आणि हेच लिहून आल्या होत्या. समासात, ओळखीच्या तिरप्या अक्षरात, खाडाखोड न करता:

'हे चूक आहे. मी एकच बाजू मोजली होती. पलीकडे जायला वाट होती. मी विचारलं नाही. कुंदा भोईर.'